बॅकअपची राखण (भाग ७) : प्रत कोणाच्या हाती?

सामायिक नेटवर्कवरच्या बॅकअपला दोन धोके असतात. कोणी तो वाचेल, किंवा कोणी तो नष्ट करेल. यातल्या पहिल्याकडे सहसा लक्ष जात नाही. कोणाला काय दिसावे हे सॉफ्टवेअर ठरवते, पण ते मूळ संगणकावर. डेटाबेसची कुलूपबंद न केलेली बॅकअप फाइल ज्याच्या हाती पडते, तो ती आपल्या संगणकावर उभी करून सगळे तक्ते वाचू शकतो. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या अशा फाइलमध्ये काटापावत्यांसोबत शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांकही असतात.

यवतमाळ, वणी, पांढरकवडा पट्ट्यातल्या जिनिंगमध्ये वजनकाट्याचा संगणक आणि हिशेबाचा संगणक बहुधा एकाच राऊटरवर असतात. बॅकअप हिशेबाच्या संगणकावर, शेअर केलेल्या फोल्डरमध्ये असतो. तोच फोल्डर काट्याच्या संगणकावर झेड ड्राइव्ह म्हणून कायमचा जोडलेला असतो. कापसाच्या हंगामात त्या खुर्चीवर माणसे बदलत राहतात, लॉगिन मात्र एकच राहते.

विंडोजमध्ये अशा फोल्डरला दोन दारे असतात : शेअरच्या परवानग्या आणि डिस्कवरच्या फाइलच्या परवानग्या. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही ओलांडावी लागतात आणि त्यांतली अधिक कडक ती लागू होते. संगणकासमोर प्रत्यक्ष बसलेल्याला मात्र पहिले दार लागतच नाही. म्हणून खरा बंदोबस्त दुसऱ्या दारावर हवा. दोन्हीकडे ‘एव्हरीवन’ला पूर्ण मुभा दिली असेल, तर दार नसल्यासारखेच.

वणीच्या एका वाचकाने विचारले आहे, की फोल्डरच्या शेअर-नावाअखेर डॉलरचे चिन्ह दिले तर तो दिसत नाही, मग तेवढे पुरे नाही का? पुरे नाही. सर्व्हर ते नाव यादीत पाठवतोच. समोरचा विंडोज ते फक्त दाखवत नाही. शोधणाऱ्या प्रोग्रामला ते सरळ मिळते.

आता दुसरा धोका. रॅन्समवेअर ज्या लॉगिनखाली शिरते, निदान त्या लॉगिनचे हक्क त्याला मिळतातच. काट्यावरच्या माणसाला झेड ड्राइव्हवर लिहिता येत असेल, तर रॅन्समवेअरलाही लिहिता येते. २१ मार्च २०२१ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळावर ‘सिनॅक’ या रॅन्समवेअरचा हल्ला झाला. मुंबईचे मुख्यालय आणि १६ प्रादेशिक कार्यालये यांच्या ऑनलाइन सेवांना त्याची झळ बसली. यवतमाळजवळची लोहारा औद्योगिक वसाहतही याच महामंडळाची. महामंडळाच्या निवेदनातली एक ओळ फार मोलाची होती : बॅकअप फाइली नेटवर्कच्या वेगळ्या भागातल्या सर्व्हरवर होत्या आणि तिथे लागण पोहोचली नाही. लहान कार्यालयालाही हे जमते. बॅकअपचे यंत्र वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या भागात, ठेवायचे आणि आवश्यक तेवढीच वाट उघडी ठेवायची.

त्याहून महत्त्वाची आहे दिशा. काट्याच्या संगणकाने प्रत पाठवायची नाही. बॅकअपच्या यंत्राने ती येऊन न्यायची. मग काट्याच्या संगणकावर बॅकअप यंत्राचा पासवर्ड असण्याचे कारणच उरत नाही, आणि जो पासवर्ड तिथे नाही तो तिथून चोरीलाही जात नाही. बॅकअप यंत्राच्या खात्याला मूळ फाइली फक्त वाचण्याचा हक्क द्यावा. हे जुळत नसेल आणि नॅस (नेटवर्कवरचे साठवणयंत्र) वापरात असेल, तर त्याचे स्नॅपशॉट, म्हणजे फाइलींची ठरावीक वेळची स्थिती जपणारी सोय, चालू करावेत आणि व्यवस्थापकाचे खाते रोजच्या कामाला अजिबात वापरू नये. नाहीतर चोराला स्नॅपशॉटही पुसता येतात.

एकमेकांशी आपोआप जुळणाऱ्या प्रतींवर विसंबणे किती महाग पडते, ते २७ जून २०१७ ला दिसले. ‘नॉटपेट्या’ या घातक प्रोग्रामने मर्स्क या जहाज कंपनीला गाठले आणि न्हावाशेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातले तिच्या समूहाचे टर्मिनलही ठप्प झाले. कंपनीचे जगभरचे डोमेन कंट्रोलर (कोणाला लॉगिन द्यायचे ते ठरवणारे सर्व्हर) एकमेकांच्या प्रती ठेवत होते. ते सगळेच पुसले गेले. घानातला एक तेवढा वाचला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेलेली होती. त्यावरूनच पुढची उभारणी झाली. भारनियमन सोसलेल्या जिल्ह्याला हे सहज पटावे : तारेने जोडलेलीच नाही, अशी निदान एक डिस्क आठवड्याला बदलून कपाटात असावी.

राहिला वाचला जाण्याचा धोका. त्यावर उपाय एन्क्रिप्शनचा. विंडोजच्या प्रो आवृत्तीतले बिटलॉकर त्या कपाटातल्या डिस्कसाठी चांगले. फाइल नेटवर्कवर राहणार असेल तर सेव्हन-झिपने एईएस-२५६ पद्धतीचा पासवर्ड घालावा, कारण चालू संगणकावर उघडलेली बिटलॉकरची डिस्क नेटवर्कलाही उघडीच असते. यामुळे फाइल पुसली जाणे थांबत नाही. ते काम वरच्या परवानग्यांचे. किल्ली मात्र त्याच संगणकावरच्या वर्ड फाइलमध्ये नको. ती कागदावर लिहून तिजोरीत ठेवावी आणि दुसरी प्रत वेगळ्या इमारतीत, कारण हरवलेल्या किल्लीची फाइल मालकालाही उघडत नाही.