हार्डवेअर पत्ता, बिनतारी राउटरचा
संगणक-जालकास जोडलेल्या प्रत्येक उपकरणाच्या जोडबिंदूस निर्माता जो ओळख-अंक देतो, त्यास हार्डवेअर पत्ता किंवा मॅक (मीडिया ॲक्सेस कंट्रोल) पत्ता असे म्हणतात. बिनतारी राउटरमध्ये असे पत्ते सामान्यतः एकाहून अधिक असतात : सेवादात्याकडील तारेच्या जोडबिंदूचा एक, घरातील जालकाचा एक आणि प्रत्येक रेडिओ-पट्ट्याचा एक. हे पत्ते निर्मितीच्या वेळी स्मृतिमंजूषेत नोंदविलेले असले, तरी चालू कार्यप्रणालीस दुसरा पत्ता वापरण्याची आज्ञा देता येते.

रचना : ४८ द्विमान अंकांच्या पत्त्याची पद्धत डिजिटल इक्विपमेंट, इंटेल व झेरॉक्स या कंपन्यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ईथरनेट विनिर्देशात आली. अशा पत्त्यांची एकूण संख्या सु. २८१ लाख कोटी होते. पत्ता सहा अष्टकांत, म्हणजे बारा षोडशमान अंकांत लिहितात. पहिली तीन अष्टके सामान्यतः निर्मात्यास आयईईई ही संस्था देते. उरलेली तीन निर्माता स्वतः ठरवितो. पहिल्या अष्टकातील शेवटचा द्विमान अंक ० असल्यास पत्ता एका उपकरणाचा, १ असल्यास समूहाचा समजतात. शेवटून दुसरा अंक १ असल्यास पत्ता स्थानिक रीत्या ठरविलेला आहे, असा अर्थ होतो. म्हणून स्वतः पत्ता निवडताना पहिले अष्टक ‘०२’ घेणे इष्ट असते. त्यामुळे कोणत्याही निर्मात्याच्या पत्त्याशी संघर्ष होत नाही.

बदलाचे प्रयोजन : अनेक सेवादाते ग्राहकाचे खाते त्याच्या राउटरच्या पत्त्याशी बांधून ठेवतात. उदा., विड्याच्या पानांच्या मळ्यांसाठी परिचित असलेल्या निमगाव केतकी (ता. इंदापूर, जि. पुणे) या गावी वळवाच्या पावसात वीज पडून एखाद्या बागाइतदाराचा राउटर निकामी झाला, तर नवीन राउटर जोडूनही सेवा सुरू होईलच असे नाही, कारण सेवादात्याची यंत्रणा जुनाच पत्ता ओळखते. अशा वेळी बाजारभाव, हवामानाचा अंदाज व मुलांचा अभ्यास हे सर्वच अडून राहते. सेवादात्यास नवीन पत्ता कळविणे हा सरळ उपाय होय. तो लगेच साध्य नसल्यास जुन्या राउटरचा पत्ता नवीन राउटरच्या बाह्य जोडबिंदूस देतात. जुन्या राउटरच्या तळाशी छापलेला पत्ता बाह्य जोडबिंदूचाच असेल असे नाही. काही वेळा त्यात शेवटच्या अंकाचा फरक असतो.

कृती : २००४ मध्ये सुरू झालेली ओपनडब्ल्यूआरटी ही लिनक्सवर आधारित कार्यप्रणाली ज्या राउटरवर आहे, त्यात आज्ञारेषेवरून बदल करता येतो. राउटरशी संगणक तारेने जोडतात; बिनतारी जोडणीने काम केल्यास रेडिओ बंद होताच संपर्क तुटतो. एसएसएच पद्धतीने प्रवेश करून चालू पत्ते पाहून लिहून ठेवतात. त्यानंतर ‘आयपी लिंक सेट’ या आज्ञेने, अनुक्रमे ‘डाउन’, ‘ॲड्रेस’ व ‘अप’ हे शब्द योजून, जोडबिंदू बंद करणे, त्यास पत्ता देणे व तो पुन्हा सुरू करणे या तीन क्रिया करतात. बिनतारी सुरक्षापद्धतीत संदेश गुप्त ठेवणारी किल्ली दोन्ही उपकरणांच्या पत्त्यांवरूनही सिद्ध होत असल्याने जोडणी चालू असताना रेडिओचा पत्ता बदलल्यास ती टिकत नाही.

हा बदल राउटर पुन्हा सुरू होताच नाहीसा होतो. तो टिकविण्यासाठी ‘नेटवर्क’ अथवा ‘वायरलेस’ या संरचना-संचिकेत ‘मॅकअ‍ॅडर’ हा पर्याय लिहून ‘यूसीआय कमिट’ ही आज्ञा देतात. मूळ पत्ता ज्या स्मृतिभागात असतो, त्यात अनेक राउटरांत रेडिओच्या अंशशोधनाची माहितीही असते. तो भाग बिघडल्यास रेडिओ निकामी होऊ शकतो. म्हणून त्यात हस्तक्षेप करू नये.

मर्यादा : एकाच जालकात दोन उपकरणांचा पत्ता सारखा असल्यास स्विचास संदेश कोणाकडे पाठवावा हे निश्चित करता येत नाही व दोघांचीही सेवा खंडित होते, म्हणून जुना राउटर त्याच जालकात पुन्हा जोडू नये. मॅक पत्ता स्थानिक जालकाबाहेर जात नसल्याने तो बदलून दूरच्या संकेतस्थळापासून ओळख लपत नाही. बिनतारी संदेशात तो उघड असतो. त्यामुळे केवळ पत्त्यावरून प्रवेश देणारी सुरक्षा दुबळी ठरते. याच उघडपणामुळे भ्रमणध्वनीवर पाळत ठेवणे शक्य होई; म्हणून आयओएस प्रणालीने २०१४ पासून जालकांचा शोध घेताना, तर अँड्रॉइड प्रणालीने २०१९ पासून जोडणीच्या वेळीही यादृच्छिक पत्ता वापरण्यास आरंभ केला. भ्रमणध्वनीचा आयएमईआय क्रमांक याहून वेगळा असून तो बदलणे भारतात दंडनीय आहे. दुसऱ्याचा मॅक पत्ता धारण करून त्याच्या सेवेत अनधिकृत प्रवेश मिळविणे हाही माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये अपराध ठरू शकतो.