एप्रिलची वजाबाकी

एप्रिलचा तिसरा आठवडा उजाडेपर्यंत अमेरिकेतल्या बेसबॉलप्रेमींचे दोन तट पडलेले असतात. एक तट ऑक्टोबरातल्या वर्ल्ड सिरीजची, म्हणजे अंतिम मालिकेची, तिकिटं कुठून मिळतील या विवंचनेत, तर दुसरा मॅनेजरला आजच्या आज हाकला म्हणणारा. दोघांच्या हातात पुरावा जेमतेम पंधरा-वीस सामन्यांचा. मेजर लीगमधला प्रत्येक संघ मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर १६२ सामने खेळतो. आयपीएलच्या १४ साखळी सामन्यांच्या मापाने पाहिलं, तर जेमतेम दीड सामन्यानंतर लागलेला हा निकाल. २०१५ साली मुंबई इंडियन्स पहिले चार सामने हरले आणि तरीही विजेते ठरले, याचं आपल्याला केवढं कौतुक. ते चार सामने म्हणजे बेसबॉलच्या हिशोबात सेहेचाळीस.

मग एप्रिलातल्या या न्यायदानाला काही अर्थ असतो का? गेल्या काही दशकांतल्या गाजलेल्या सुरुवाती एकेक करून तपासायच्या तर त्यासाठी एक सोपी रीत आहे. संघाच्या पूर्ण हंगामाच्या जय-पराजयांतून सुरुवातीचे आकडे वजा करायचे आणि उरतं काय ते बघायचं.

सुरुवात १९८२ च्या अटलांटा ब्रेव्ह्जपासून करू. आदल्या काही वर्षांत तळाशी लोळणारा हा संघ जो टोरी या नव्या मॅनेजरच्या हाताखाली पहिले तेराच्या तेरा सामने जिंकला. मालक टेड टर्नरची दूरचित्रवाहिनी देशभर दिसत असल्याने अटलांटा कुठे आहे हे नकाशात शोधावं लागणारी माणसंही ब्रेव्ह्जची चाहती झाली. पुढे जुलैअखेर संघ आघाडीवर असताना जादा खुर्च्या मांडण्यासाठी प्रेक्षागारातला शुभंकराचा तंबू हलवण्यात आला, आणि संघ २१ पैकी १९ सामने हरला. चाहत्यांनी खापर तंबूवर फोडलं. तंबू परत आला. वजाबाकी मात्र तंबूचं नाव घेत नाही. हंगामाचा शेवट ८९ विजय, ७३ पराभव. त्यातून १३–० काढा, उरतात ७६–७३. म्हणजे ब्रेव्ह्ज हा मुळात बरा, मध्यम संघ होता आणि ऑगस्टची पडझड हे त्याच्या मध्यमपणाचंच दुसरं टोक होतं. तरीही गट त्यांनीच जिंकला. त्याच गटातल्या डॉजर्सचे विजय ८८ भरले, ब्रेव्ह्जपेक्षा एक कमी. शेवटच्या दिवशी ब्रेव्ह्ज हरले, पण तिकडे सॅन फ्रान्सिस्कोच्या जो मॉर्गनने होम रन मारून डॉजर्सनाही घरी पाठवलं. एप्रिलने संघाच्या गुणवत्तेबद्दल जे सांगितलं ते खोटं होतं, पण एप्रिलने दिलेले तेरा विजय खरे होते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि चाहत्यांचा गोंधळ नेमका इथेच होतो.

पाच वर्षांनी मिलवॉकी ब्रुअर्सने त्याच तेरा विजयांची बरोबरी केली. १५ एप्रिल १९८७ ला हुआन निएव्हेसने बाल्टिमोरच्या एकाही बॅटरला हिट मिळू दिली नाही. संघाच्या इतिहासातला तो पहिला नो-हिटर. १९ तारखेला, ईस्टरच्या रविवारी, टेक्सासविरुद्ध शेवटच्या डावात ब्रुअर्स ४–१ ने मागे होते. रॉब डिअरने तीन धावांचा होम रन मारून बरोबरी साधली, डेल स्वेमने दोन धावांचा मारून सामना संपवला. तो बारावा विजय. शहरातल्या जॉर्ज वेब या उपाहारगृहांनी जुन्या काळापासून पैज लावलेली होती की स्थानिक संघ सलग बारा सामने जिंकला तर हॅम्बर्गर फुकट. त्यांनी शब्द पाळला आणि एक लाख अडुसष्ट हजारांहून अधिक हॅम्बर्गर वाटले. मिलवॉकीत त्या आठवड्यात उतावळे नवरे गुडघ्याला बाशिंग बांधून रांगेत उभे होते.

पुढे २०–३ वर पोहोचलेले ब्रुअर्स मे महिन्यात सलग बारा सामने हरले. शेवट ९१–७१, गटात तिसरं स्थान. पहिले तेरा वजा केले तर ७८–७१. या गोष्टीला आणखी एक चटका आहे. त्याच वर्षी दुसऱ्या गटातला मिनेसोटा ट्विन्स अवघे ८५ विजय घेऊन पुढे गेला आणि वर्ल्ड सिरीज जिंकून आला. मिलवॉकीकरांना वाटलं एप्रिलने फसवलं. फसवलं होतं ते गटवारीने.

या दोघांनंतर १३–० अशी सुरुवात केली ती २०२३ च्या टँपा बे रेजने. तेही हंगामात ९९ विजय मिळवून बाद फेरीत गेले आणि टेक्सास रेंजर्सकडून सलग दोन सामने हरून दोन दिवसांत बाहेर पडले. तिन्ही संघांचा हिशोब एकत्र मांडला तर चित्र स्पष्ट होतं. तिघेही वाईट नव्हते, तिघेही एप्रिलात दिसले तितके थोर नव्हते, आणि तिघांपैकी एकालाही अजिंक्यपद मिळालं नाही.

सुरुवातीचा डंका शेवटपर्यंत वाजला तो १९८४ च्या डेट्रॉइट टायगर्सचा. चौथ्याच सामन्यात जॅक मॉरिसचा नो-हिटर, परक्या मैदानांवरचे पहिले सतराही सामने खिशात, आणि २४ मे रोजी ३५–५. लगेच सिएटलमध्ये तीनही सामने हरले, तेव्हा डेट्रॉइटमध्ये कुजबुज सुरू झालीच. अखेर १०४–५८, गटात पंधरा सामन्यांची आघाडी आणि वर्ल्ड सिरीज. यातून ३५–५ वजा करा: ६९–५३. उत्तम संघ, पण देवदुर्लभ नाही. मधले चार महिने टायगर्स उरलेल्या शर्यतीत धावत नव्हतेच. मेमध्ये साठवलेल्या पुंजीवर सुखाने नांदत होते. मॅनेजर स्पार्की अँडरसनच्या संघाचं मोठेपण त्या चाळीस सामन्यांत जितकं होतं, तितकंच ती पुंजी न उधळण्यातही होतं.

आता उलट बाजू. बाल्टिमोर ओरिओल्सने १९८८ चा हंगाम सुरू केला आणि सहा सामने हरताच व्यवस्थापनाने मॅनेजर कॅल रिपकन थोरले यांना काढून टाकलं. त्यांची दोन्ही मुलं, कॅल धाकटा आणि बिली, त्याच संघात खेळत होती. जागी फ्रँक रॉबिन्सन आले. त्यानेही काही फरक पडला नाही. सलग तेरा पराभवांचा लीगमधला सुरुवातीचा जुना विक्रम मोडला, आकडा पंधरा झाला, अठरा झाला, एकवीस झाला. बाल्टिमोरचा एक रेडिओ निवेदक संघ जिंकेपर्यंत माइक सोडणार नाही असं म्हणून बसला आणि अडीचशेहून अधिक तास बसून राहिला. अखेर २९ एप्रिलला शिकागोत व्हाइट सॉक्सविरुद्ध ९–० असा विजय मिळाला.

खरी गोष्ट त्यानंतरची. संघ १–२३ घेऊन घरी परतला तेव्हा, २ मेच्या रात्री, मेमोरियल स्टेडियममध्ये ५०,४०२ प्रेक्षक जमले. जिंकणाऱ्या संघांनाही सोमवारी रात्री एवढी गर्दी लाभत नाही. त्याच रात्री मैदानावर घोषणा झाली की नव्या स्टेडियमसाठी संघाने दीर्घ मुदतीचा करार केला आहे. बाल्टिमोरचा फुटबॉल संघ चारच वर्षांपूर्वी रातोरात गाव सोडून इंडियानापोलिसला गेला होता. त्यामुळे एकवीस पराभवांपेक्षा या बातमीचं मोल तिथल्या लोकांना जास्त होतं. त्या करारातून १९९२ मध्ये कॅम्डन यार्ड्स उभं राहिलं आणि पुढच्या कित्येक स्टेडियमांनी त्याचा आराखडा गिरवला. वजाबाकीचं म्हणाल तर हंगाम ५४–१०७. त्यातून ०–२१ काढले तर ५४–८६. ओरिओल्स खरोखरच वाईट होते, फक्त एप्रिलात वाटले तेवढे नाही. पुढच्याच वर्षी ८७ सामने जिंकून ते शेवटच्या आठवड्यापर्यंत गटविजेतेपदाच्या शर्यतीत होते.

२०२४ च्या शिकागो व्हाइट सॉक्सची सुरुवात ३–२२. पुढे १२१ पराभव, १९६२ च्या न्यू यॉर्क मेट्सपेक्षा एक जास्त. वजाबाकी करून उरतात ३८–९९. इथे मात्र एप्रिलने जे सांगितलं ते बरंचसं खरं होतं.

मग पहिल्या महिन्यात ओळखायचं कसं? बिल जेम्स या अभ्यासकाने १९८० च्या दशकात रूढ केलेला एक हिशोब आज सगळे वापरतात. जय-पराजय बाजूला ठेवा, काढलेल्या आणि दिलेल्या धावा पाहा. काढलेल्या धावांच्या वर्गाला दोन्ही वर्गांच्या बेरजेने भागलं की संघाने साधारण किती टक्के सामने जिंकायला हवे होते ते कळतं. शंभर काढल्या, ऐंशी दिल्या, तर एकसष्ट टक्के. एका धावेने जिंकलेले सात-आठ सामने नशिबाचे असू शकतात. धावांचा फरक इतका सहज खोटं बोलत नाही. खेळाडूंचंही तसंच. बॅटर किती वेळा स्ट्राइकआउट होतो हा आकडा साठेक पाळ्यांत बऱ्यापैकी स्थिरावतो, म्हणजे एप्रिलमध्येच त्यातून काही शिकता येतं. बॅटिंग ॲव्हरेज मात्र अख्ख्या हंगामातही नीट स्थिरावत नाही, आणि चाहते भांडतात ते त्याच आकड्यावर. त्यात उत्तरेकडच्या शहरांत एप्रिल म्हणजे थंडी. गार हवेत चेंडू लांब जात नाही.

शिकागो कब्जचा बॅटर टफी रोड्स याची कथा त्या शहरात अजून सांगतात. ४ एप्रिल १९९४, रिग्ली फील्ड, हंगामाचा पहिला दिवस. ड्वाइट गुडनसारख्या पिचरला पहिल्या तीन पाळ्यांत तीन होम रन. कब्ज तो सामना १२–८ असा हरले, आणि त्या वर्षी घरचे पहिले बारा सामने हरले. रोड्सचे त्या हंगामात होम रन झाले एकूण आठ. पुढे तो जपानला गेला आणि २००१ साली ५५ होम रन मारून त्याने सादाहारू ओ यांच्या विक्रमाशी बरोबरी केली. पहिल्या दिवशी शिकागोला दिसलेला रोड्स खोटा नव्हता. तो फक्त सात वर्षं आणि एक महासागर दूर होता.

याच्या उलट विली मेज. १९५१ च्या मे महिन्यात तो न्यू यॉर्क जायंट्समध्ये आला आणि पहिल्या २६ प्रयत्नांत त्याला एकच हिट मिळाली. मॅनेजर लिओ ड्युरोशरने त्याला बसवलं नाही. जायंट्सनी त्या वर्षी २–१२ अशी सुरुवात केली होती, ऑगस्टात ते साडेतेरा सामन्यांनी मागे होते, आणि ऑक्टोबरात बॉबी थॉमसनच्या होम रनने लीग जिंकून बसले. मेज त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला.

जायंट्सचं उदाहरण दर एप्रिलला पुढे केलं जाई. आता २०१९ च्या वॉशिंग्टन नॅशनल्सचं केलं जातं. पन्नास सामन्यांनंतर १९–३१. पण तेव्हाचं चित्र पाहा. ट्रे टर्नरचं बोट मोडलेलं, अँथनी रेंडन आणि हुआन सोटो काही काळ जायबंदी, आणि राखीव पिचर आघाडी टिकवू न शकणारे. यांतल्या पहिल्या दोन गोष्टी काळच बऱ्या करणार होता. पुढे नॅशनल्स ७४–३८ खेळले आणि ह्यूस्टनला सातव्या सामन्यात हरवून वर्ल्ड सिरीज जिंकले. अपयशाचं कारण दुखापत आहे की कुवत, एवढा एक प्रश्न त्या मेमध्ये विचारला असता, तर मॅनेजर डेव्ह मार्टिनेझला हाकलण्याची मागणी थोडी खाली बसली असती.

या सगळ्यावर पुन्हा नियमांची सावली आहे. १९९५ पासून प्रत्येक लीगमध्ये गटविजेत्यांखेरीज एका संघाला बाद फेरीचं दार उघडलं, २०१२ पासून दोन, २०२२ पासून तीन. दार जितकं रुंद, तितकी वाईट एप्रिलची शिक्षा हलकी. १९८७ च्या ब्रुअर्सना आजचा नियम असता, तर ९१ विजयांवर ते ऑक्टोबरात खेळले असते.

तरीही शिक्षा संपलेली नाही, हे बॉस्टनला विचारा. २०११ चे रेड सॉक्स पहिले सहा सामने हरले, मग २–१०. तिथून सावरून सप्टेंबरच्या सुरुवातीला बाद फेरीच्या जागेसाठी त्यांनी रेजवर नऊ सामन्यांची आघाडी घेतली. तोवर एप्रिल सगळे विसरले होते. मग सप्टेंबरात ते ७–२० खेळले. २८ सप्टेंबरला रात्री बाल्टिमोरने त्यांना हरवलं आणि काही मिनिटांतच इव्हान लाँगोरियाच्या होम रनने रेज जिंकले. अंतिम आकडे ९१ विरुद्ध ९०. बॉस्टनने तो सगळा हिवाळा सप्टेंबरला दोष देण्यात घालवला. पण एका विजयाने हुकलेल्या संघाला सप्टेंबरचा पराभव जेवढा नडतो, तेवढाच ३ एप्रिलचा. गंमत म्हणजे रेजही त्या वर्षी पहिले सहा सामने हरले होते.

म्हणून एप्रिलात चाहत्याने दोन प्रश्न वेगळे विचारावेत. आपला संघ कसा आहे, याचं उत्तर धावांच्या फरकात आणि दुखापतींच्या यादीत शोधावं, आणि तेही जूनपर्यंत कच्चंच धरावं. आपल्या खात्यावर काय जमा झालं, याचं उत्तर मात्र गुणतक्त्यात छापलेलंच असतं, आणि ते पुढे कधीही बदलत नाही. ‘अजून खूप वेळ आहे’ म्हणणारा पहिल्या प्रश्नापुरता बरोबर असतो, आणि मॅनेजरच्या नावाने शंख करणारा दुसऱ्या. दोघांचं भांडण सहा महिने टिकतं ते दोघेही अर्धेअर्धे खरे असतात म्हणूनच.