विश्लेषण : विषावर विषाचाच उतारा... धोत्र्याच्या कुळातले अ‍ॅट्रोपिन जीव कसे वाचवते?

खरीप हंगामात कपाशीवर फवारणी सुरू झाली की विदर्भातील सरकारी रुग्णालयांत विषबाधेचे रुग्ण येऊ लागतात. २०१७ मध्ये एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला, तर शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. ऑर्गनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकांची बाधा झाली, तर डॉक्टर सर्वप्रथम अ‍ॅट्रोपिनच्या इंजेक्शनकडे वळतात. हे औषध मुळात विषारी वनस्पतींतून मिळाले आहे. ते नेमके काय करते, ते कुठे अपुरे पडते आणि त्याच जातीची औषधे आपल्या घरात कशी असतात, याविषयी...

अ‍ॅट्रोपिन आले कुठून?

वांगी, बटाटे, टोमॅटो ज्या कुळातले, त्याच कुळात धोतरा, खुरासनी ओवा आणि युरोपातील बेलाडोना या विषारी वनस्पतीही आहेत. त्यांत अ‍ॅट्रोपिन, हायोसायमिन, स्कोपोलामिन अशी अल्कलॉइड्स असतात. बेलाडोना म्हणजे इटालियन भाषेत ‘सुंदर स्त्री’. या वनस्पतीचा रस डोळ्यांत घातला की बाहुल्या मोठ्या होतात आणि डोळे टपोरे दिसतात, म्हणून हे नाव पडले असे सांगितले जाते. १८३०च्या दशकात जर्मनीतील औषधशास्त्रज्ञांनी या वनस्पतीतून शुद्ध अ‍ॅट्रोपिन वेगळे केले. आयुष्याचा धागा कापणाऱ्या ‘अ‍ॅट्रोपॉस’ या ग्रीक देवतेवरून त्याला नाव मिळाले. आपल्याकडे धोत्र्याचे फूल-फळ शंकराला वाहतात. वाटसरूंना धोत्र्याचे बी खाऊ घालून लुटण्याचे प्रकारही न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत नोंदलेले आहेत.

ते शरीरात काय करते?

मज्जातंतूंचा निरोप ग्रंथी आणि स्नायूंपर्यंत पोहोचवण्याचे काम अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन करते. या रासायनिक निरोपाच्या शोधासाठी हेन्री डेल आणि ओटो लोवी यांना १९३६ चे नोबेल मिळाले. लाळ सुटणे, घाम येणे, आतडी हलणे, बाहुली आकसणे, हृदयाचे ठोके मंदावणे ही कामे या निरोपावर चालतात. अ‍ॅट्रोपिन हा निरोप घेणाऱ्या जागा अडवून बसते. म्हणून या औषधांना अँटिकोलिनर्जिक म्हणतात. परिणाम उलटे होतात : तोंड कोरडे, बाहुल्या मोठ्या, ठोके जलद, आतडी शांत.

कीटकनाशकाच्या विषबाधेत त्याचा उपयोग कसा?

निरोप पोहोचला की अ‍ॅसिटिलकोलीन मोडून टाकणारे एक विकर शरीरात असते. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशके हे विकरच निकामी करतात. मग अ‍ॅसिटिलकोलीन साचत जाते. लाळ, अश्रू, घाम वाहू लागतो, उलट्या-जुलाब होतात, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, नाडी मंदावते. सर्वांत घातक म्हणजे फुप्फुसांत स्राव भरून श्वास कोंडतो. अ‍ॅट्रोपिन हा स्राव थांबवते. ते ठराविक मात्रेत एकदाच देऊन भागत नाही. सुरुवातीची मात्रा देऊन काही मिनिटांत रुग्ण तपासतात आणि फरक नसेल तर मात्रा दुप्पट करत नेतात. छाती मोकळी झाली, नाडी व रक्तदाब सावरला, की पुरेसे औषध गेले असे समजतात. गंभीर रुग्णाला त्यासाठी कित्येक ॲम्प्यूल लागतात. म्हणूनच ग्रामीण रुग्णालयात अ‍ॅट्रोपिनचा साठा किती आहे, हा प्रश्न जीवनमरणाचा ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश आहे.

मग ते प्रत्येक विषावर चालते का?

नाही. अ‍ॅट्रोपिनमुळे निकामी झालेले विकर पुन्हा कामाला लागत नाही आणि हातापायांच्या व श्वासाच्या स्नायूंची दुर्बलताही जात नाही. त्यासाठी व्हेंटिलेटर लागू शकतो. शिवाय सगळी कीटकनाशके या गटातली नसतात. पायरेथ्रॉइडसारख्या रसायनांवर हा उतारा नाही. दोन-तीन औषधे एकत्र मिसळून फवारली, तर निदान आणखी अवघड होते. त्यामुळे रुग्णासोबत औषधाची बाटली किंवा तिचे लेबल नेणे अत्यंत महत्त्वाचे. बाधा झालेल्याचे कपडे ताबडतोब काढावेत, अंग साबण-पाण्याने धुवावे, उलटी मुद्दाम करवू नये, दूध-तूप पाजत वेळ घालवू नये आणि १०८ ला फोन करावा. मदत करणाऱ्याने हातमोजे घालावेत, कारण हे विष कातडीतूनही शिरते.

इतर आजारांत उपयोग कोणते?

यादी लांब आहे. पोटात कळ आल्यावर दिले जाणारे हायोसिन, गाडी लागू नये म्हणून कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टी, दम्याच्या झटक्यात व धूम्रपानाने बिघडलेल्या फुप्फुसांसाठी इप्राट्रोपियम किंवा टायोट्रोपियमचा पंप ही सगळी याच घराण्यातली. धोत्र्याची पाने ओढून दमा शमवण्याची भारतातील पद्धत १९व्या शतकात ब्रिटनमध्ये पोहोचली होती. आजचे पंप त्याच तत्त्वावर, पण मोजलेल्या मात्रेत काम करतात. लहान मुलांच्या डोळ्यांचा वाढता नंबर रोखण्यासाठी अतिशय सौम्य अ‍ॅट्रोपिनचे थेंबही नेत्रतज्ज्ञ देतात.

धोका कोणाला?

ज्येष्ठांना सर्वाधिक. सर्दीच्या गोळीतले क्लोरफेनिरामिन, झोपेसाठी किंवा मज्जातंतूंच्या वेदनेसाठीचे अ‍ॅमिट्रिप्टिलिन, लघवीवर ताबा राहावा म्हणून दिलेले ऑक्सिब्युटिनिन या सगळ्यांचा परिणाम कमीअधिक अँटिकोलिनर्जिकच असतो. वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेल्या अशा गोळ्या एकत्र आल्या, की बद्धकोष्ठ, लघवी तुंबणे, तोल जाणे, विसरभोळेपणा, अचानक भ्रम अशी लक्षणे दिसतात आणि घरचे ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात. काचबिंदूचा एक प्रकार असलेल्यांचा डोळा अचानक दुखू शकतो. प्रोस्टेट वाढलेल्यांनाही जपावे लागते. आजी-आजोबांच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांना एकदा दाखवणे हा सोपा उपाय आहे. मात्र कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नये.

धोतरा घरगुती औषध म्हणून घ्यावा का?

मुळीच नाही. एका झाडातील अल्कलॉइडचे प्रमाण दुसऱ्याशी जुळत नाही. बी, पान, फूल यांतही ते वेगवेगळे असते. आयुर्वेदातही धोत्र्याची गणना विषारी द्रव्यांत होते आणि शोधन केल्याशिवाय ते वापरत नाहीत. औषध आणि विष यांतले अंतर इथे काही मिलिग्रॅमचे आहे. ते मोजण्याची सोय रुग्णालयात असते, अंगणात नाही.