पोटातलं प्लास्टिक बाहेर काढताना

काचपट्टीवर जिवाणूंचा थेंब पसरायचा, ज्योतीवरून फिरवून घट्ट बसवायचा, त्यावर सुदान ब्लॅक हा रंग ओतून थांबायचं, झायलीनने धुवायचं आणि शेवटी सॅफ्रानिनचा गुलाबी रंग द्यायचा. नाशिकमधल्या एका महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत एम.एस्सी.ची एक विद्यार्थिनी हे करत होती. सूक्ष्मदर्शकाखाली पट्टी सरकवून तिने मला जागा दिली. गुलाबी कांड्या दिसल्या, आणि कांडीकांडीच्या पोटात निळे-काळे ठिपके. ‘‘सर, हेच प्लास्टिक,’’ ती म्हणाली.

त्याचं पूर्ण नाव पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट. प्रयोगशाळेत सगळे ‘पीएचबी’च म्हणतात. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मॉरिस लेमॉइन यांनी १९२६ साली ते एका मातीतल्या जिवाणूत ओळखलं. आपल्याकडे भाव पडला की शेतकरी कांदा चाळीत भरून ठेवतो, तसंच हे जिवाणू करतात. साखर मुबलक आहे पण वाढीसाठी लागणारा नायट्रोजन किंवा फॉस्फरस संपत आला, की जास्तीचा कार्बन ते दाण्यांच्या रूपात साठवतात. कुप्रियाव्हिडस नेकेटर नावाच्या जिवाणूत हा साठा कोरड्या वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत जातो. वाईट दिवस आले की तो स्वतःच साठा मोडून खातो.

पट्टीवरच्या कांड्या मात्र त्या जिवाणूच्या नव्हत्या. त्या होत्या ई. कोलाय, आपल्या आतड्यात राहणाऱ्या. ई. कोलायला हा साठा करता येत नाही, म्हणून तो मोडणारं विकरही त्याच्याकडे नाही. नेमकं हेच हवं असतं. १९८८ साली अमेरिकेतल्या जेम्स मॅडिसन विद्यापीठातल्या संशोधकांनी कुप्रियाव्हिडसची जनुकं ई. कोलायमध्ये घातली आणि तो पीएचबी बनवू लागला. जनुकं तीनच. पहिल्याचं विकर अ‍ॅसिटिल-कोएचे दोन रेणू जोडतं, दुसऱ्याचं त्यावर हायड्रोजन चढवतं, तिसऱ्याचं त्यांची लांबच लांब साखळी ओवतं.

जनुकं आत घालण्याचं काम मी पाहिलं तेव्हा त्यातल्या साधेपणाने थक्क झालो. कॅल्शियम क्लोराइडमध्ये भिजवलेले जिवाणू बर्फात ठेवलेले. त्यात डीएनएची छोटी कडी मिसळायची, नळी ४२ अंशांच्या पाण्यात पाऊण मिनिट धरायची आणि पुन्हा बर्फात. त्या झटक्यात काही थोड्या पेशी कडी आत घेतात. मग सगळं अँटिबायोटिक घातलेल्या बशीवर पसरायचं; कडी घेतलेल्याच पेशी जगतात, कारण प्रतिकाराचं जनुकही त्याच कडीवर असतं. बशीत नाइल रेड हा रंग मिसळलेला होता. दुसऱ्या दिवशी अतिनील दिव्याखाली जिवाणूंच्या वसाहती नारिंगी चमकल्या तेव्हा प्रयोगशाळेतल्या मुलींनी अक्षरशः टाळ्या वाजवल्या. मलाही आनंद लपवता आला नाही.

पण त्यांना शिकवणाऱ्या मॅडमनी लगेच फळ्यावर पहिल्या खर्चाचा, साखरेचा, हिशेब मांडला. ग्लुकोजच्या एका रेणूत सहा कार्बन. पीएचबीपर्यंत पोचताना त्यातले दोन कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातात. म्हणजे १८० ग्रॅम ग्लुकोजपासून, सगळं आदर्श चाललं तरी, ८६ ग्रॅमच प्लास्टिक. प्रत्यक्षात जिवाणूला स्वतः वाढायलाही साखर लागते. ब्राझीलमध्ये साखर कारखान्याला जोडून उभारलेल्या प्रायोगिक प्रकल्पात एक किलो पीएचबीला तीन किलो साखर लागत होती. जिवाणूंची जनुकीय सुधारणा करणारे जगभरचे लोक आज या उडून जाणाऱ्या कार्बनच्याच मागे आहेत.

दुसरा खर्च मी नाकाने अनुभवला. पेशी सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसवल्या, हायपोक्लोराइटने त्यांच्या भिंती फोडल्या, दाणे क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवले. हवा ओढून घेणाऱ्या कपाटाखाली काम चालूनही तो गोडसर वास आलाच. क्लोरोफॉर्म उडून गेल्यावर काचेच्या बशीत पांढुरका पापुद्रा उरला. बोटांनी वाकवला तर तडकला. मातीत विरघळून जाणारी वस्तू बनवायची आणि त्यासाठी विषारी द्रावक लिटरच्या लिटर वापरायचं, हे मला पटत नाही. ब्राझीलवाल्यांनी यावर चांगला तोडगा काढला होता: इथेनॉल गाळताना मिळणारे जड अल्कोहोलच त्यांनी द्रावक म्हणून वापरले. दुसरी वाट जनुकांची. जिवाणू खाणाऱ्या विषाणूचं पेशीभिंत फोडणारं जनुक आत बसवायचं आणि पोट भरलं की ते चालू करायचं; पेशी आपणच फुटते.

तिसरा खर्च वाफेचा. पोषकद्रव १२१ अंशांवर निर्जंतुक करावं लागतं, नाहीतर बाहेरचे जंतू साखर खाऊन टाकतात. इथे मला आपल्या लोणारचं काम फार मोलाचं वाटतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी लोणार सरोवराच्या खारट, अल्कधर्मी पाण्यातून हॅलोमोनास कॅम्पिसॅलिस हा जिवाणू वेगळा केला आणि तो पीएचबीत व्हॅलरेट मिसळलेलं प्लास्टिक बनवतो, हे २०१० च्या सुमारास दाखवलं. व्हॅलरेटमुळे प्लास्टिकचा ठिसूळपणा कमी होतो. शिवाय इतक्या खारात बहुतेक जंतू तग धरत नाहीत. बीजिंगच्या त्सिंगहुआ विद्यापीठात ग्वो-छियांग चेन यांनी याच कुळातल्या जिवाणूची जनुकं बदलून निर्जंतुकीकरणाविना उत्पादन घेतलं आहे. लोणारच्या जिवाणूवर असं काम आपल्याकडे नेटाने व्हायला हवं.

आणि पीएचबीचं पहिलं उत्पादन पिशवी नको, शेतात अंथरायचा मल्चिंग पेपर हवा. पिंपळगाव-दिंडोरी पट्ट्यात टोमॅटो निघाल्यावर तो पातळ प्लास्टिकचा पेपर पूर्ण गोळा होत नाही. नांगराला चिंध्या लागत राहतात. पीएलए हे दुसरं जैवप्लास्टिक खताच्या गरम ढिगात कुजतं, शेतातल्या मातीत ते वर्षानुवर्षं तसंच राहू शकतं. पीएचबी खाणारे जंतू मात्र मातीत आधीपासूनच असतात.

राहिला जिवाणूंच्या खाऊचा प्रश्न. मळीवर इथेनॉलवाल्यांचा हक्क आधीच बसलाय. म्हणून मॅडमनी वाइनसाठी द्राक्षं दाबल्यावर उरणारा चोथा निवडला आहे. त्यात साखर असते, पण सालीतले टॅनिनसारखे पदार्थ जिवाणूंची वाढ दाबतात. सध्या ते पदार्थ आधी काढून टाकून उरलेल्या अर्कावर ई. कोलाय वाढवून पाहणं चालू आहे. चोथा ताजा मिळतो तो द्राक्षाच्या हंगामातच, त्यामुळे फ्रीजरचा अर्धा भाग सध्या त्याच्याच पिशव्यांनी भरलेला आहे.