वरच्या मजल्यावरची खोली रात्री का तापते? कॉम्प्युटरला विचारूया

मे महिन्यात पुण्यात वरच्या मजल्यावर राहिलेल्यांना हे सांगायला नको. बाहेर गार वारा सुटलेला असतो आणि रात्री दहालाही पंखा खोलीतली गरम हवाच फिरवत असतो. इंजिनिअरिंगची चार वर्षं मी अशाच खोलीत काढली. त्यामुळे एका कॉलेजात इमारतींच्या ऊर्जा कार्यक्षमतेवर दोन शनिवार शिकवायचं ठरलं, तेव्हा उदाहरण शोधावं लागलं नाही. मुलांचंच हॉस्टेल घेतलं.

पहिला तास कॉम्प्युटर बंद, फक्त वही. एक चौरस मीटर छतातून, आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना जितके वॅट उष्णता जाते, ती त्या छताची यू-व्हॅल्यू. 15 सेंटिमीटरच्या साध्या काँक्रीट स्लॅबची ती साधारण 3.3 येते. खोली 12 चौरस मीटरची, आणि ऊन धरून बाहेरचं तापमान 20 अंशांनी जास्त मानलं, तर सुमारे 800 वॅट. म्हणजे डोक्यावर छोटा हीटरच! स्लॅबवर 5 सेंटिमीटर थर्मोकोलसारखं इन्सुलेशन टाकलं की हाच आकडा 140 च्या आसपास येतो.

पण "मग रात्री का तापतं?" याचं उत्तर या सूत्रात नाही. सूत्र धरून चालतं की तापमान स्थिर आहे. खरा स्लॅब दुपारची उष्णता साठवतो आणि काही तासांनी आत सोडतो. हा उशीर पकडायचा तर प्रत्येक तासाचा हिशेब मागच्या तासांवरून करावा लागतो, वर्षाचे 8760 तास. इथे सिम्युलेशन लागतं.

आम्ही 'एनर्जीप्लस' वापरलं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या मदतीने तयार झालेलं, 2001 मध्ये पहिल्यांदा आलेलं, फुकट आणि ओपन सोर्स. त्याला भिंती, खिडक्या, माणसांच्या वेळा सांगायच्या आणि सोबत हवामानाची फाइल द्यायची. (या फाइलमध्ये बहुधा वेगवेगळ्या वर्षांतले नमुनेदार महिने जोडलेले असतात. त्यामुळे त्यात कालचं तापमान शोधू नका.)

आणि इथेच माझी फजिती झाली. निकाल आला: हॉस्टेलला सगळ्यात जास्त ऊर्जा हीटिंगला लागते, आणि दुहेरी काचा बसवल्या की मोठी बचत. आलेख सुंदर, रंगीत. अर्ध्या वर्गाने रिपोर्टमध्ये उतरवूनही घेतलं. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, आपण हीटर कधी लावतो?"

सॉफ्टवेअरसोबत येणारी शिकागोची हवामान फाइल मी बदललीच नव्हती. एकही एरर आली नाही, कारण सॉफ्टवेअरच्या दृष्टीने काही चुकलंच नव्हतं! पुण्याची फाइल लावली तशी हीटिंगची पट्टी जवळपास गायब झाली आणि दुहेरी काचांचं कौतुकही ओसरलं.

तेव्हापासून नियम केला: रन बटण दाबण्याआधी प्रत्येकाने अंदाज वहीत लिहायचा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. खरं सांगायचं तर अभ्यासक्रमातल्या निम्म्या प्रॅक्टिकलना हा नियम हवा.

पुढचा प्रयोग रंगाचा. छताचा सौर शोषणांक 0.7 वरून 0.3 केला, म्हणजे पांढरा चुना मारल्यासारखं. बहुतेकांचा अंदाज होता की दुपारी थोडा फरक पडेल, रात्री काही नाही. आलेखात रात्रीची रेघही खाली आली. स्लॅबने दुपारी उष्णता कमी घेतली, तर रात्री सोडायला कमीच उरणार. सांगितल्यावर सोपं वाटतं, पण वहीतला अंदाज खोडताना ते जास्त पक्कं बसतं.

तीच मुलगी दोन्ही रेघांचा प्रिंट घेऊन रेक्टरांकडे गेली. त्यांनी शांतपणे पाहिला आणि विचारलं, "चुन्याला खर्च किती येईल?"

ते आमच्या मॉडेलमध्ये नव्हतं. मुलं गच्ची मोजायला टेप घेऊन वर गेली.