डग्लस क्लार्क : कोळशाचीं पोतीं वाहणारा वीर

खेळासाठीं पैसा घेणें म्हणजे खेळ विकणें, असा समज आपल्या सुशिक्षित घरांतून बराच काळ रूढ होता. मी स्वतः शिक्षक असतांना मुलांस तोच धडा देत आलों. हा समज मूळचा इंग्लंडांतील श्रीमंत विद्यालयांतला. परंतु त्याच देशाच्या उत्तर भागांतील खाणकामगारांनीं व गिरणीकामगारांनीं त्याला जें उत्तर दिलें, तें वाचल्यावर माझें मत मला बदलावें लागलें.

शनिवारीं रग्बीच्या सामन्यास गेलेल्या मजुराचा रोज बुडे. तेवढी भरपाई मिळावी, इतकेंच त्याचें म्हणणें. पण लंडनच्या धुरीणांनीं तें १८९३ सालीं धुडकावून लाविलें. ज्याच्या घरीं वडिलार्जित पैसा आहे त्यानेंच निःस्वार्थी खेळावें आणि बाकीच्यांनीं उपाशी राहून खेळावें, असाच याचा अर्थ नव्हे काय? शेवटीं २९ ऑगस्ट १८९५ रोजीं हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलांत उत्तरेकडील क्लबांनीं आपली निराळी संस्था स्थापिली आणि बुडालेल्या दिवसास सहा शिलिंग देण्याचें ठरविलें. १८९८ पासून उघड वेतनाची मोकळीक झाली, मात्र खेळाडूस दुसरा कांहीं उद्योग असलाच पाहिजे, ही अट होती. १९०६ सालीं पंधरांऐवजीं तेरा गडी झाले आणि आज ज्यास रग्बी लीग म्हणतात तो खेळ आकारास आला.

या तेरांतले सहा गडी आघाडीचे. डोकीं खालीं घालून प्रतिपक्षाची फळी रेटणें, अंगावर आघात घेणें, हें त्यांचें काम. टाळ्या बहुधा मागच्या चपळ गड्यांच्या वांट्यास येतात. डग्लस क्लार्क हा अशांपैकीं एक. त्याचा जन्म १८९१ सालीं कंबरलंड परगण्यांत मेरीपोर्टजवळ झाला. शाळा लवकरच सुटली आणि तो वडिलांच्या कोळशाच्या धंद्यांत पोतीं वाहूं लागला. ती त्याची तालीम! १९०९ सालीं हडर्सफील्डच्या क्लबानें त्यास घेतलें, आणि तेथेंच तो वीस वर्षें खेळला. १९१४-१५ च्या हंगामांत त्या संघानें चारहि चषक जिंकिले.

त्याची खरी परीक्षा ४ जुलै १९१४ रोजीं सिडनी येथें झाली. आठ दिवसांत हा तिसरा कसोटी सामना. जायबंदी गड्याच्या जागीं दुसरा घेण्याची तेव्हां सोय नव्हती. क्लार्कचा अंगठा प्रथमच मोडला होता. तरी तो खेळत राहिला. पुढें गळ्याचें हाड मोडलें. तें बांधून घेऊन तो पुन्हां मैदानांत उतरला, परंतु तें अशक्यच होतें. तो बाहेर गेला तेव्हां त्याच्या डोळ्यांतून अश्रु वाहत होते. आणखीहि गडी जखमी झाले. कांहीं वेळ तर दहाच जण उरले. तरीहि हॅरोल्ड वॅगस्टाफच्या त्या संघानें १४-६ असा जय मिळविला. या सामन्यास ‘रोर्क्स ड्रिफ्ट’ म्हणतात. १८७९ सालीं झुलूंच्या देशाच्या सीमेवर मूठभर इंग्रज शिपायांनीं जो टिकाव धरिला, त्यावरून हें नांव पडलें. परक्यांच्या भूमीवरील लढाईचें नांव खेळास द्यावें हें मला रुचत नाहीं. पण तेंच रूढ आहे.

महिनाभरांत महायुद्ध पेटलें. क्लार्क आर्मी सर्व्हिस कोअरमध्यें गेला. १९१७ सालीं पासचेंडेलच्या आघाडीवर विषारी वायूनें त्यास ग्रासलें, जखमाहि झाल्या. शौर्याबद्दल मिलिटरी मेडल मिळालें आणि त्याबरोबरच देह शेंकडा पंच्याण्णव निकामी असल्याचा दाखलाहि मिळाला! असा मनुष्य अंगणांत खुर्ची टाकून बसता तर त्यास कोण नांव ठेवता? पण १९२० सालीं तो इंग्लंडच्या संघांतून पुनश्च ऑस्ट्रेलियास गेला.

कुस्तींतहि तो असाच. त्याच्या परगण्यांतील कुस्तींत मल्ल छातीला छाती लावून, परस्परांच्या उजव्या खांद्यावर हनुवटी ठेवून, पाठीमागें हातांची मिठी घालतात. आपल्याकडे प्रतिपक्षास चीत करावें लागतें. तेथें पायांखेरीज दुसरें कोणतेंहि अंग भूमीस लागलें कीं डाव गेला, आणि मिठी सुटली तरीहि गेला. ग्रासमियरच्या जत्रेंतील भारी वजनाचें अजिंक्यपद क्लार्कनें मिळविलें. १९२९ सालीं रग्बी सोडल्यावर, चाळिशीच्या घरांत, तो पैसे घेऊन कुस्त्या लढूं लागला. वायूनें भाजलेल्या त्याच छातीच्या बळावर तो त्या आखाड्यांतहि नांवाजला. १९५१ च्या फेब्रुवारींत हडर्सफील्ड येथें तो वारला.