बेताबेताने, बोडनसेच्या काठाने

सत्तरीकडे झुकलेला रुग्ण दवाखान्यात येऊन ‘डॉक्टर, सायकल चालवू का?’ असे विचारतो, तेव्हा त्याच्या खुर्चीमागे उभी असलेली मुलगी किंवा सून बहुधा नकारार्थी मान हलवत असते. तीस वर्षे मी त्या मानेकडे पाहूनच उत्तर देत आले. गेल्या वर्षी मे महिन्यात त्या खुर्चीत माझा थोरला भाऊ बसला होता आणि या खेपेस मान हलवणारी मीच होते.

दादा एकोणसत्तर वर्षांचा, निवृत्त शिक्षक. तीन वर्षांपूर्वी त्याच्या हृदयाच्या एका धमनीत स्टेंट बसवला आणि त्याच्या पुढच्याच वर्षी वहिनी गेल्या. तेव्हापासून दिवाणखाना, औषधांचा डबा आणि संध्याकाळी सोसायटीच्या आवारातली एक फेरी एवढेच त्याचे जग उरले होते. लहानपणी याच दादाने मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून पुण्याच्या पेठांमधून शाळेत पोहोचवले होते. त्याची मुलगी जर्मनीत, बोडनसे सरोवराच्या काठी फ्रिडरिक्सहाफेन गावी अभियंता आहे. तिचा आग्रह होता, “आत्या, सप्टेंबरात बाबांना घेऊन ये. इथे त्यांच्या वयाची माणसे सामान लावून आठ-आठ दिवस सायकलवर हिंडतात.” मी नाही म्हटले. दादा काही बोलला नाही, फक्त इतकेच म्हणाला, “मग मी आता काय काय करायचे नाही, त्याची एक यादीच करून दे.” ते मला लागले.

बोडनसेचा परिसर अशा प्रवासाला जणू मुद्दाम बेतला आहे. आल्प्स पर्वताच्या मुख्य रांगा सुरू होण्यापूर्वी उत्तरेला ज्या मवाळ, हिरव्या टेकड्या पसरल्या आहेत, त्यांच्या कुशीत हे सरोवर आहे. त्याचे क्षेत्रफळ ५३६ चौरस किलोमीटर, समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ३९५ मीटर. म्हणजे आपल्या पुण्याहूनही कमी. विरळ हवेची भीती नको. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड या तिन्ही देशांचा काठ त्याला लाभला आहे आणि भोवतालचा सायकलमार्ग सुमारे २७० किलोमीटरांचा आहे. मार्ग बहुतांशी सपाट. डोंगर पाहायचे, चढायचे मात्र नाहीत! आम्ही पूर्ण प्रदक्षिणेचा हट्ट धरला नाही. पूर्वेकडचा तुकडा, त्याला जोडून ऱ्हाईन नदीच्या खोऱ्यातला एक दिवस आणि शेवटी बोटीने परत, असा सहा दिवसांचा बेत आखला. दिवसाला तीस किलोमीटरांहून अधिक नाही.

तयारीला तीन महिने लागले आणि माझ्या मते यात्रेचा अर्धा लाभ तिथेच झाला. प्रथम हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला व ट्रेडमिल चाचणी. त्यांनी हिरवा कंदील दाखवल्यावरच पुढचे. पहिल्या आठवड्यात दादा रोज पंधरा मिनिटे सायकल चालवी, ऑगस्टअखेरीस दीड तास. भाचीने, चुकले, माझ्या भाचीने नव्हे, दादाच्या लेकीने त्याच्या मनगटासाठी नाडीचे ठोके मोजणारे घड्याळ पाठवले होते. येथे काळजीवाहकांना एक गोष्ट सांगायला हवी. दादा बीटा ब्लॉकर गटातले औषध घेतो. या औषधाने नाडीचा वेग मुळातच आवरला जातो, त्यामुळे वयावरून काढलेले ठोक्यांचे तक्ते अशा रुग्णाला लागू पडत नाहीत. घड्याळ ‘सारे ठीक’ म्हणत असते आणि माणूस दमलेला असतो. त्यापेक्षा बोलण्याची कसोटी बरी: सायकल चालवताना सलग दोन वाक्ये बोलता आली पाहिजेत. वाक्य मध्येच तुटू लागले की वेग कमी करायचा. छातीत दडपण, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, अकारण घाम, असे काही जाणवले तर मात्र कसोट्या घेत बसायचे नाही. थांबायचे आणि मदत बोलवायची.

सायकली भाड्याने घेतल्या, विजेची साथ देणाऱ्या. तिकडच्या अशा सायकलीची मोटर पायडल मारले तरच साथ देते आणि ताशी २५ किलोमीटरांनंतर हात आखडता घेते. गुडघ्यांवरचा भार हलका होतो, पण सायकल वजनाला पंचवीस किलोच्या आसपास भरते. वयस्कर माणसे सायकलवर चढता-उतरतानाही पडतात, म्हणून मधला दांडा अगदी खाली असलेली, सहज पाय टाकता येईल अशी सायकल आम्ही निवडली. दादाला ती ‘बायकांची’ वाटली. मी दुर्लक्ष केले. हेल्मेटवर तर चर्चाच नको, कारण तो रक्तातील गुठळी रोखणारी गोळी घेतो. अशा माणसाच्या डोक्याला मार लागला तर बाहेरून काही दिसत नसले तरी रुग्णालयात दाखवलेच पाहिजे.

पहिले दोन दिवस केवळ सुखाचे होते. सफरचंदाच्या बागा फळांनी वाकलेल्या. मध्येच उंच तारांवर चढवलेले हॉप्सचे मळे, ज्यांच्या फुलांनी बिअरला कडवटपणा येतो. डाव्या हाताला खेडी, उजवीकडे पाणी आणि पाण्यापलीकडे झेंटिस शिखर, २,५०२ मीटर उंच. लिंडाऊचे जुने गाव बेटावर वसले आहे. बंदराच्या मुखाशी एका बाजूस दगडी सिंह, दुसऱ्या बाजूस दीपगृह, दोन्ही १८५६ मधली. तिथल्या बाकावर बसून दादाने वहिनींविषयी अर्धा तास बोलणे केले. दोन वर्षांत तो इतके बोलला नव्हता.

काठाकाठाने नारिंगी दिवे बसवलेले दिसतात. वारा जोरात येण्याचा संभव असला की ते मिनिटाला ४० वेळा लुकलुकतात. वादळाचा इशारा असेल तर ९० वेळा. दादा शिक्षकी पेशाला जागून ते मोजत बसे. मी मात्र त्याची नाडी मोजत असे, त्याच्या पुढे राहून, दर दहा मिनिटांनी मागे वळून “बरे वाटते ना?” असे विचारत. आता वाटते, माझ्या त्या प्रश्नाला ‘हो’ याखेरीज दुसरे उत्तर देण्याची सोयच मी ठेवली नव्हती.

तिसऱ्या दिवशी ब्रेगेंझहून ऱ्हाईनच्या खोऱ्यात शिरलो. ही आल्प्समधून उतरणारी ऱ्हाईन एके काळी खोरेभर भटके आणि वारंवार पुराने गावे बुडवी. १८९२ मध्ये ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड यांनी करार केला आणि १९०० व १९२३ मध्ये दोन ठिकाणी नवे पात्र खोदून तिला सरळ केले. आज तिच्या दोन्ही अंगांना ताठ बांध आहेत आणि सायकलमार्ग त्या बांधांवरून जातो. मार्ग उत्तम, सावली जवळजवळ नाही. त्यात त्या दिवशी ‘फ्योन’ सुटला होता. दक्षिणेकडून डोंगर ओलांडून खाली उतरणारा हा वारा उतरता उतरता उष्ण व कोरडा होतो. डोंगर हाताच्या अंतरावर आल्यासारखे स्वच्छ दिसतात, आणि घाम अंगावर थांबत नसल्याने तो येतो आहे हेही कळत नाही.

होहेनेम्सच्या अलीकडे दादा थांबला, सायकलवरून उतरला आणि हँडल धरून तसाच उभा राहिला. चेहरा पांढरा पडला होता. “काही नाही, जरा अंधारी आली,” असे म्हणत खाली बसला. छातीत दुखत नव्हते, श्वास ठीक होता. त्याला गवतावर निजवून पाय सायकलच्या पिशवीवर उंच ठेवले आणि रक्तदाब घेतला: ९४/६०. एरवी १३० च्या घरात असतो. पाण्याची बाटली उचलून पाहिली तर सकाळी भरली तशीच भरलेली.

“दादा, पाणी का नाही प्यायलास?”

बराच वेळ तो गप्प होता. मग दुसरीकडे पाहत म्हणाला, “दर तासाला जावे लागते गं. परमुलूख, आडोसा नाही, आणि तू सारखी मागे वळून बघतेस. तुला कसे सांगू?”

पुरःस्थ ग्रंथी वाढलेल्या माणसाची अडचण मी रोज दवाखान्यात ऐकते. सख्ख्या भावाला ती मला सांगता आली नाही, कारण मी त्याला विचारलेच नव्हते. मी घड्याळाला विचारत होते. त्यातून रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध, त्याने सकाळी नेमाने घेतलेले. उन्हात, कमी पाण्यावर, अशा गोळीने दाब एकदम उतरू शकतो. चूक त्याची एक आणि माझ्या दोन.

थोडेथोडे पाणी, मीठ-साखरेचे पाकीट, चाळीस मिनिटे विसावा. बसवून, मग उभे करून दाब पुन्हा घेतला, सुधारला होता. तरी पुढे जायचे नाही असे ठरवले. दादाने ‘एवढ्यासाठी?’ म्हणून पाहिले, पण होहेनेम्सला स्थानक आहे, गाडीत सायकली घेतात, आणि संध्याकाळी आम्ही ब्रेगेंझला परतलो. त्याच्या हृदयरोगतज्ज्ञांशी दूरध्वनीवर बोलून त्या गोळीचा डोस उरलेल्या दिवसांपुरता बदलून घेतला. वाचकांनी हे आपल्या मनाने करू नये. मीही डॉक्टर असून केले नाही. रात्री जेवताना आम्ही नकाशा पुढे घेतला आणि मार्गावरच्या प्रत्येक सार्वजनिक स्वच्छतागृहावर दादाने लाल पेन्सिलीने खूण केली. त्या दिवसापासून मी मागे राहू लागले आणि घड्याळ पिशवीत गेले.

एक दिवस पूर्ण विश्रांती घेऊन ऱ्हाईनच्या मुखाशी असलेल्या पाणथळीतून स्वित्झर्लंडमधील रोरशाखला पोहोचलो. (शाईच्या डागांची मानसशास्त्रीय चाचणी या गावाची नव्हे, हर्मान रोरशाख या मनोविकारतज्ज्ञांची.) तिथून दात्यांच्या रुळांवरून चढणारी, १८७५ पासून चालू असलेली छोटी गाडी हायडेन गावी जाते. मला तिथे जायचेच होते. रेड क्रॉसचे एक संस्थापक आंरी द्युनाँ दिवाळखोर, विस्मृत अवस्थेत इथे आले आणि १८९२ पासून १९१० मधील मृत्यूपर्यंत इथल्या रुग्णालयातच राहिले. १८९५ मध्ये एका पत्रकाराने त्यांच्याविषयी लिहिले तेव्हा जगाला ते जिवंत असल्याचे पुन्हा कळले, आणि १९०१ चे पहिले शांतता नोबेल त्यांना फ्रेदेरिक पासी यांच्यासह विभागून मिळाले. त्या इमारतीत आता त्यांचे संग्रहालय आहे. खाली सारे सरोवर दिसते. दादा तिथे फार वेळ उभा राहिला. “अठरा वर्षे एकाच दवाखान्यात,” एवढेच म्हणाला.

शेवटच्या दिवशी आर्बोनवरून रोमान्सहोर्न गाठले. हा थुर्गाऊ प्रांत सफरचंदांचा. त्यांच्या रसावरून आणि नकाशातल्या आकारावरून त्याला गमतीने ‘मोस्टइंडियन’ म्हणजे ‘सफरचंदी रसाचा हिंदुस्थान’ म्हणतात, असे दुकानदार बाईंनी आम्हाला हसत सांगितले. दादाने दोन पेले रिचवले. मग फ्रिडरिक्सहाफेनची बोट, पाऊण तासाहून थोडी कमी. सायकली उभ्या करून मी वर आले तेव्हा दादा कठड्यापाशी दिवे शोधत होता. त्या दिवशी एकही लुकलुकत नव्हता. चढताचढता त्याने स्वच्छतागृह कुठे आहे ते पाहून ठेवले होते, आणि त्याची बाटली रिकामी होती.